जानेवारीचं रिकामं वजन

मला थांबता येत नाही. हा जन्मजात दोष आहे आणि तो मी कुणापासून लपवलेला नाही. चहा गाळून व्हायच्या आत मी कप पुढे करते, समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी मीच संपवते आणि बऱ्याचदा चुकीचं संपवते. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी हाय. आणि असली मी वाढले कुठे, तर वजनकाट्यावर, जिथे थांबण्याशिवाय दुसरं काही होतच नाही.

चौकला जुन्या हायवेच्या कडेला, एक ढाबा आणि दोन गॅरेज यांच्या मधे तो काटा आहे. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, त्यावर अख्खा ट्रक उभा राहतो. बाजूच्या केबिनमध्ये माझे बाबा बसतात, आकडा वाचतात, चिठ्ठी करतात. मालक पनवेलला असतो. तीस वर्षं काटा बाबांच्या हातात आहे. काम सरळ आहे. गाडी एकदा रिकामी तोलायची, एकदा भरलेली तोलायची, भरलेल्यातून रिकामी वजा केली की राहतो तो माल.

ड्रायव्हर लोकांना मात्र दोनदा यायचा कंटाळा. ते खिशातून जुनी चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, रिकामी गाडी मागं तोललीये की, तेच लिवा. बाबा त्या चिठ्ठीकडे बघतसुद्धा नाहीत. "गाडी खाली करून ये, मंग चिठ्ठी पुरी करतो," म्हणतात. ड्रायव्हर आधी विनवतो, मग चिडतो, मग आईबहिणीवर येतो. बाबा पान लावत बसतात. शाळेतून आल्यावर मी केबिनमध्ये अभ्यास करायचे तेव्हा हे रोज बघायचे आणि मनातून ड्रायव्हरच्या बाजूने असायचे. इतकं काय अडलंय, लिहा ना तेच, असं वाटायचं. शाळेच्या गॅदरिंगला बाबा कधी आले नाहीत, कारण काटा बंद ठेवता येत नाही. मला त्या काट्याचा राग होता, तो आहे तसा सांगते.

पुढे मी शिकत शिकत मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पोचले आणि बाबांना माझं काम समजावायची पाळी आली. मी म्हटलं, आम्ही हेलियम वायू इतका गार करतो की त्याहून गार फार काही उरत नाही. तो वायू एका बारीक भोकातून निर्वात पोकळीत सोडला की त्याचे थेंब होतात, डोळ्याला न दिसणारे. हे थेंब विचित्र असतात. त्यांच्या आत कशाला काही अडत नाही, चिकटत नाही. आतला रेणू हवा तसा फिरू शकतो. आणि हेलियम कशात नाक खुपसत नाही, म्हणून त्या रेणूचं खरं रूप दिसतं.

"मंग त्यात काय टाकता?" बाबांनी विचारलं.

विद्युतभार असलेला रेणू, म्हणजे आयन. आयन आम्ही विजेच्या सापळ्यात कोंडून ठेवतो, थेंब सुसाट त्या सापळ्यातून जातात आणि जाता जाता एखादा आयन गिळतात. मग थेंबावर लेझर सोडायचा. लेझरचा रंग हळूहळू बदलत न्यायचा. एखादा रंग त्या आयनला मानवला की तो ऊर्जा घेतो, थरथरतो, ती उष्णता हेलियमला देतो. हेलियम उडून जातं आणि आयन उघडा पडतो. कुठल्या रंगाला किती आयन उघडे पडले, ते आम्ही त्यांचं वजन करून मोजतो. त्या आलेखात जिथे उंचवटा येतो, त्याला शिखर म्हणतात. शिखरं वाचून रेणूची ठेवण कळते.

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजे तू पण काटाच चालवतेस की गं."

मला ते लागलं होतं. इतकी वर्षं शिकले ती काटा चालवायला नाही, असं काहीतरी मी तोडून बोलले. बाबा हसले आणि गिऱ्हाईक बघायला गेले.

तर या कामात मला दोन शिखरं मिळाली. एका साध्या अमिनो आम्लाला एक जादा प्रोटॉन चिकटवलेला आयन होता. एका ठिकाणी एक शिखर अपेक्षित होतं आणि आली दोन, शेजारी शेजारी, मधे छान खोल दरी. दोन शिखरं म्हणजे रेणूची दोन रूपं. एकाच प्रकारच्या थेंबांत रेणू दोन वेगवेगळ्या प्रकारे बसतो, असा त्याचा अर्थ. असं कुणी पाहिलं नव्हतं. मला घाई झाली, मी पंधरा दिवसांत लेख लिहून काढला. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तो वाचून माझ्याकडे बघितलं आणि "वा" म्हणाले. सर कधी "वा" म्हणत नाहीत. लेख स्वीकारला गेला. त्या लेखाच्या जोरावर परदेशातल्या एका गटाने मला बोलावलं, दोन वर्षांची जागा, माझ्या आवडीचं यंत्र. माझी फेलोशिप संपत आली होती आणि ती जागा सोडली तर पुढे माझ्यासाठी काहीच नव्हतं. आईने चौकभर पेढे वाटले, ढाब्यावाल्यालासुद्धा.

गणपती होऊन गेले होते. मी शनिवार-रविवार घरी आले होते आणि केबिनमध्ये बाबांना तो आलेख दाखवत होते. दोन शिखरं, मधली दरी. बाबांनी चष्मा लावून कागद लांब धरला.

"ह्ये भरलेल्या गाडीचं वजन झालं," ते म्हणाले. "रिकामी कवा तोललीस?"

प्रश्न बरोबर होता. लेझरचा जोर प्रत्येक रंगाला सारखा नसतो. म्हणून नुसत्या लेझरचा जोर आधी मोजून ठेवायचा आणि मग त्याच्या हिशेबाने आलेख दुरुस्त करायचा. आमच्या धंद्यातलं रिकामं वजन तेच. ते मोजायला अर्धा दिवस जातो, यंत्र अडकून पडतं. मी ते एकदाच मोजलं होतं आणि तेच वापरत होते.

"जानेवारीत," मी म्हटलं.

"आन् ही भरलेली?"

"जूनच्या अखेरीस."

एवढ्यात एक खडीचा ट्रक पाटावर चढला, ड्रायव्हर उतरला आणि त्याने मे महिन्यातली चिठ्ठी खिडकीत सरकवली. बाबांनी ती सरकवून परत दिली. "मे म्हैन्यात तुजी ताडपत्री सुकी व्हती. आता बघ, फळ्या भिजल्यात, चिखल बसलाय. ती गाडी येगळी, ही गाडी येगळी. खाली करून ये."

ड्रायव्हर त्यांच्या नावाने बोटं मोडत गेला. मी तो आलेख घडी घालून पर्समध्ये टाकला आणि उठले.

मला सगळं एका दमात समजलं होतं. कबूल मात्र मी केलं नाही. आमच्या लेझरला यंत्रापर्यंत पोचायला सहा-सात फूट उघड्या हवेतून जावं लागतं. त्या वाटेवर कोरड्या नायट्रोजनची नळी बसवायचं ठरलं होतं, ते राहून गेलं होतं, कारण मी म्हटलं होतं, नंतर बघू. हवेत बाष्प असतं. आणि बाष्प लेझरचे नेमके तेच काही रंग पिऊन टाकतं जे मी वापरत होते. जानेवारीची हवा कोरडी. पावसाळ्यातली कशी असते ते आमच्याकडे मिठाच्या बरणीला विचारावं. बाष्पाने एखादा रंग मधेच पिऊन टाकला असेल, तर शिखराच्या ऐन डोक्यावर खड्डा पडणार. एका शिखराची दोन दिसणार.

मी बाबांची स्कूटर काढली आणि उगाचच कर्जतला गेले. तिथे काही काम नव्हतं. तिथून पळसदरीला गेले, धरणाकाठी पुण्यामुंबईची पोरं रील काढत होती, त्यांच्यावर विनाकारण डाफरले आणि परत आले. आईने विचारलं, कुठे गेलीस. म्हटलं, पेट्रोल भरायला. टाकी तर आधीपेक्षा रिकामी होती. रात्री जेवले नाही. सोमवारी पहिल्या गाडीने मुंबई गाठली.

सरांना काही न सांगता मी लेझरचा जोर नव्याने मोजला. अर्धा दिवस. तो अर्धा दिवस मी खुर्चीत बसले नाही, दोनदा जिना चढले-उतरले आणि एक पेन चावून टाकलं. आकडे आले. जिथे माझी दरी होती तिथेच, नेमकी तिथेच, लेझरचा जोर पडत होता. फक्त दरीजवळचे रंग घेऊन पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा मोजला. बाहेर हवा अजून तेवढीच ओली होती, मग हा नवा हिशेब लावून आलेख काढला. एक शिखर. गोल, गुबगुबीत, कुणालाही अपेक्षित असलेलं एकच शिखर.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी काहीच केलं नाही. मंगळवारी सर पलीकडच्या टेबलावर डबा खात होते, मी त्यांच्या पोळीकडे बघत बसले. बुधवारी स्वतःला समजावलं की जगात असली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, कोण परत मोजायला बसलंय. गुरुवारी म्हटलं, एकदा तिकडे जाऊन पोचू, मग सवडीने दुरुस्ती छापू, सगळे छापतात. शुक्रवारी व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला आणि जन्मस्थळाच्या रकान्यात चौक लिहून थांबले. मी चोर नाही, असं मी मोठ्याने म्हटलं, तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी दार ठोठावून विचारून गेली, काही हवंय का.

शनिवारी घरी आले ते न सांगण्याचं ठरवूनच. बाबांनी विचारलं तर म्हणायचं, हो हो, तोललं परत, बरोबर आहे. बाबांनी विचारलंच नाही. त्याचा मला उलट राग आला.

केबिनच्या बाहेर बाकावर वाडीवरची म्हातारी बसली होती. डोंगरातल्या ठाकरवाडीची ही बाई दरवर्षी या दिवसांत उतरते आणि बाबांसाठी चिबूड किंवा काकड्या घेऊन येते. मी तिला कॉलेजात असल्यापासून बघते. बाबांची जुनी ओळख, एवढंच मला माहीत. त्या दिवशी तिने चिबूड आणलं होतं. बाबा पाटावरच्या गाडीत गुंतले होते, म्हणून मी सहज म्हटलं, "आजी, एवढ्या लांबून दरसाल कशाला वझं आणता?"

ती म्हणाली, "तुजा बा वाडीवर आला व्हता ना, त्याचं."

कधी, असं मी विचारलं.

"गवताच्या टायमाला. आमी कापल्याला गवत, टरकात भरून दिल्यालं. वजनात कमती आलं. आमाला वाटलं, आमीच कमी कापलं असंल. आमाला काय कळतं. तर दोन दिसांनी तुजा बा चालत वाडीवर आला. म्हनला, जुनी चिठ्ठी धरून काटा मी चुकवला, गवत तुमचं पुरं हाय." म्हातारीने चिबूड मांडीवर फिरवलं. "चुकवनारे लय बघितले, पोरी. सांगाया कोन आला नाय."

मी बाबांकडे गेले. बाबा चिठ्ठी लिहीत होते. ते चुकले? मला पटेना. मी तीस वर्षांतली एक चूक ऐकत होते आणि ती त्यांच्या सगळ्यात आवडत्या नियमाबद्दलची होती.

"जुनी चिठ्ठी घेतलीत तुम्ही? तुम्ही?"

"घेतली एकदा," बाबा म्हणाले.

"का?"

त्यांनी चिठ्ठी फाडून ड्रायव्हरला दिली, पुढची गाडी चढवली. मी हटले नाही. मी हटत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. शेवटी ते म्हणाले, "तुजी बारावीची प्रॅक्टिकल व्हती कर्जतला. तू स्कूटरवर बसून हॉर्न मारत व्हतीस."

मला आठवलं. लख्ख आठवलं. फिजिक्सची प्रॅक्टिकल, माझी गाडी चुकलेली, बाबा मला सोडणार होते. पाटावर गवताचा ट्रक आणि मी केबिनबाहेर हॉर्नवर अंगठा दाबून धरलेला. चला ना बाबा, चला ना. बाबा धावत आले होते आणि मला वाटलं होतं, शेवटी एकदाचं माझं ऐकलं. त्या घाईत त्यांनी ड्रायव्हरची पावसाळ्यातली चिठ्ठी घेतली होती. तेव्हाची गाडी भिजलेली, जड. गवत भरलं तेव्हा माघ महिना, गाडी सुकी, हलकी. जड वजन वजा केलं, तेवढं वाडीचं गवत कागदावरून गेलं. एका घराची चार दिवसांची कापणी तरी असेल. दोन दिवसांनी तोच ट्रक रिकामा जाताना बाबांनी हात करून काट्यावर घेतला, तेव्हा त्यांना कळलं.

"आणि मालकाला सांगितलंत?"

"सांगितलं. व्यापाऱ्याला पन सांगितलं. चिठ्ठी बदलून दिली."

"मग?"

"मंग काय. म्हैनाभर बसवलं घरी."

तो महिनाही मला आठवतो. बाबा घरी होते, कंबर धरलीये म्हणून. मी परीक्षेचा अभ्यास करत होते आणि त्यांच्यासाठी मलम आणलं होतं, रोज रात्री हाक मारून विचारायचे, लावलं का. ते म्हणायचे, लावलं. त्यांची कंबर चांगली धडधाकट होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला नेहमीसारखा रागच आला. "मला का नाही सांगितलं तेव्हा?"

"तुला सांगून काय?" बाबा म्हणाले. "परीक्षा तुजी व्हती. काटा माजा व्हता."

मी पर्समधून तो घडी घातलेला आलेख काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "बाबा, एकच शिखर आहे," म्हटलं. "मी सोमवारीच मोजलं. अजून कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी मान हलवली. कधीपासून कळलं होतं त्यांना, देव जाणे. "सायबाला फोन लाव," एवढंच म्हणाले.

मला उत्कंठा ताणून धरता येत नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते. ती परदेशातली जागा गेली. त्यांनी फार सभ्य शब्दांत कळवलं, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. लेख मागे घेतला. वर्षभराने एका शिखराचा छोटा लेख आला, तो कोण वाचणार. मी आता शिकवते, वेळ मिळेल तसं सरांच्याच यंत्रावर मोजते. नायट्रोजनची नळी बसवली आहे, आणि रोज सकाळी लेझरचा जोर मोजल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. नवीन मुलं वैतागतात, मी पान लावत नाही एवढाच फरक. यातलं काहीही त्या शनिवारी मला माहीत नव्हतं.

मी केबिनमधूनच सरांना फोन लावला. सगळं एका श्वासात सांगितलं.

"किती वेळा मोजलंस?" सरांनी विचारलं.

"तीन वेळा, सर."

"तिन्ही वेळा तसंच?"

"हो."

सर मग म्हणाले, "रिकामं माप कधीचं आहे, हे मी विचारायला हवं होतं. मी पण दोन शिखरांवर भाळलो." मग जरा कोरड्या आवाजात, "संपादकांना मी कळवतो. पण ज्यांनी तुला जागा दिलीय त्यांना तूच लिही. आज लिही. उद्या तुझ्याने होणार नाही."

मी लॅपटॉप उघडला. बाबांच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा, चुन्याची डबी आणि म्हातारीचं चिबूड होतं, ते बाजूला सारलं. पहिली ओळ लिहिली आणि खोडली. बाहेर गाड्यांची रांग लागली होती. शनिवार दुपार, खोपोलीकडून येणारे ट्रक, मागचे हॉर्न मारत होते. एकाने अंगठा उचललाच नाही, लांबलचक, सलग. मला वाटलं, राहू दे, रात्री निवांत लिहू. मी लॅपटॉप अर्धा मिटलासुद्धा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, खिडकीची झडप खाली ओढली आणि केबिनचं दार बाहेरून लावून घेतलं. पाटावर आडवा दांडा टाकल्याचा खणखण आवाज मला आतून ऐकू आला. तो दांडा माझ्या गॅदरिंगला कधी पडला नव्हता, माझ्या वाढदिवसाला नाही, माझी आजी वारली तेव्हासुद्धा अर्ध्या दिवसाने पडला होता.

बाहेर ड्रायव्हर लोकांनी गलका केला. काटा का बंद, किती वेळ, आमाला पुढं जायचंय, मालकाला फोन करू काय.

"करा," बाबांचा आवाज आला. बाकाची कुरकुर ऐकू आली. म्हातारीच्या शेजारी बसले असावेत. "पन थांबावं लागंल. आत माज्या पोरीचं माप चाललंय."

मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि लिहायला बसले. पूर्ण होईपर्यंत उठले नाही.